बागायती गहू दरवर्षी तिसऱ्या आठवड्यात पिवळा पडतो : गोण्यांचा हिशेब जुळूनही नत्र का पुरत नाही?

महाराष्ट्रातील बागायती गव्हाच्या पट्ट्यात एक तक्रार जवळजवळ प्रत्येक रब्बीत ऐकू येते. पेरणी वेळेवर झालेली असते, उगवण एकसारखी असते आणि खत देताना हातही आखडलेला नसतो. तरीही पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात पीक खालून पिवळे पडू लागते आणि फुटवे (रोपाच्या तळातून निघणारी नवी खोडे) कमी निघतात. मग घाईने युरियाची आणखी एक गोणी फोकली जाते, पीक काळेभोर हिरवे होते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादा वादळी पाऊस आला की तेच पीक आडवे पडते. पुढच्या वर्षी खताची मात्रा वाढवूनही हा क्रम चुकत नाही. ही तक्रार मुळापासून सोडवायची असेल, तर खत किती गोण्या दिले हा प्रश्न बाजूला ठेवून पिकाला कोणते अन्नद्रव्य, किती आणि नेमके कोणत्या दिवशी मिळाले हे तपासावे लागते.

गोण्या मोडून अन्नद्रव्ये मोजा

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हासाठी राज्यात प्रचलित शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र (नायट्रोजन), ६० किलो स्फुरद (फॉस्फेट) आणि ४० किलो पालाश (पोटॅश) अशी आहे. तिच्यात अर्धे नत्र आणि संपूर्ण स्फुरद व पालाश पेरणीबरोबर, तर उरलेले अर्धे नत्र पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी द्यायचे असते. ही मात्रा एकरावर आणली की ४८ ते ४९ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १६ किलो पालाश होते. शिफारशी हेक्टरात छापल्या जातात आणि गोण्या एकराच्या हिशेबाने खरेदी होतात, त्यामुळे हेक्टरची मात्रा एकरावर टाकली गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. म्हणून पहिली तपासणी याच भागाकाराची करावी.

आता गावोगावी रूढ असलेला प्रघात घेऊ : एकरी एक गोणी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) आणि दोन गोण्या युरिया. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली आहे आणि युरियात ४६ टक्के नत्र असल्याने एका गोणीत २०.७ किलो नत्र येते. दोन गोण्यांचे ४१.४ आणि डीएपीतील ९ मिळून ५०.४ किलो नत्र झाले. स्फुरद २३ किलो झाले, पालाश मात्र शून्य.

म्हणजे नत्र आणि स्फुरदाच्या बाबतीत हा प्रघात शिफारशीला जवळजवळ तंतोतंत जुळतो. येथेच बहुतेकांची फसगत होते, कारण बेरीज बरोबर आली की माणूस दोष बियाण्यात, हवामानात किंवा खताच्या दर्जात शोधू लागतो. वास्तविक ही बेरीज संपूर्ण हंगामाची आहे आणि पीक मात्र दिवसागणिक जेवते.

पहिल्या एकवीस दिवसांत पिकाच्या वाट्याला काय आले?

वरील प्रघातात पेरणीबरोबर बहुधा फक्त डीएपी जाते आणि युरियाच्या दोन्ही गोण्या पुढच्या पाण्यांवर दिल्या जातात. शिफारशीप्रमाणे पेरणीवेळी २४ किलो नत्र अपेक्षित असताना जमिनीत पडले ९ किलो. उरलेले १५ किलो म्हणजे सुमारे ३३ किलो युरिया. तो पेरणीच्या वेळी न दिल्याने बाकीचा भार जमिनीतील सेंद्रिय पदार्थांच्या विघटनावर पडतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत ते विघटन मंदावलेले असते.

या काळाचे महत्त्व समजण्यासाठी अठराव्या ते एकविसाव्या दिवसाच्या सुमारास शेतातून एक रोप मातीसह अलगद उपटून पाहावे. बियाण्याच्या टरफलापासून निघालेली बारीक मुळे खाली दिसतात, आणि त्यांच्यावर, जमिनीच्या पृष्ठभागाखाली बोटभर अंतरावर, खोडाच्या तळाशी पांढरी, जाड, टोकाला चकचकीत अशी नवी मुळे फुटू लागलेली दिसतात. हीच मुकुटमुळे. फुटवे याच जागेवरून निघतात. माती या वेळी कोरडी असेल किंवा मुळांच्या टप्प्यात नत्र नसेल, तर मुकुटमुळे खुंटतात आणि फुटव्यांची संख्या तिथेच मर्यादित होते. चाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या दिवशी पीक कांडी धरू लागल्यावर दिलेला युरिया आहे त्या फुटव्यांना जगवतो आणि पाने हिरवीगार करतो, पण निघालेच नाहीत ते फुटवे परत आणत नाही. उशिरा दिलेले हेच जास्तीचे नत्र कांड्या लांब आणि खोड लुसलुशीत करते, त्यामुळे पीक लोळण्याचा आणि मावा वाढण्याचा धोका वाढतो. एकाच शेतात आधी पिवळेपणा आणि नंतर लोळणे ही दोन परस्परविरोधी दिसणारी लक्षणे का येतात, याचे उत्तर या वेळापत्रकात आहे.

उपाय सरळ आहे. पेरणीवेळी डीएपीच्या एका गोणीबरोबर एकरी सुमारे ३३ किलो युरिया जमिनीत जाईल अशी व्यवस्था करावी. दोन चाड्यांच्या पाभरीने किंवा ट्रॅक्टरच्या खत-बी पेरणी यंत्राने पेरणी केल्यास खत बियाण्याच्या जवळ पण त्याला न चिकटता पडते. युरिया बियाण्याच्या थेट संपर्कात आला तर उगवणीला इजा होते, त्यामुळे एकाच चाड्यात बी आणि युरिया मिसळू नये. तशी सोय नसेल तर शेवटच्या वखरणीपूर्वी युरिया फोकून मातीत मिसळावा. उरलेला एकरी सुमारे ५५ किलो युरिया एकविसाव्या दिवसाच्या पाण्याला जोडून द्यावा. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत मात्र हाच हप्ता दोन भागांत, म्हणजे एकविसाव्या दिवशी आणि पुन्हा चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या दरम्यान, विभागणे हिताचे ठरते, कारण तेथे नत्र मुळांखाली वाहून जाण्याचा वेग जास्त असतो.

पिवळे कोणते पान पडले?

वेळापत्रक बरोबर असूनही पीक पिवळे पडत असेल, तर युरियाची गोणी उघडण्यापूर्वी शेताच्या मध्यभागी जाऊन पिवळेपणा रोपाच्या कोणत्या भागात आहे ते पाहावे. नत्राची टंचाई नेहमी खालच्या, जुन्या पानांपासून सुरू होते, कारण नत्र वनस्पतीच्या शरीरात फिरते आणि टंचाई आली की रोप ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याकडे पाठवते. असे पान टोकाकडून मध्यशिरेच्या बाजूने पिवळे होत जाते.

शेंड्याची नवी पाने आधी फिकट झाली असतील, तर युरियाने काहीही साधणार नाही. संपूर्ण नवे पान एकसारखे फिकट पिवळे असेल तर संशय गंधकाकडे न्यावा. शिरा हिरव्या आणि मधल्या जागा पिवळ्या अशा रेघा दिसत असतील, आणि जमीन चुनखडीयुक्त असेल, तर लोहाची कमतरता समजावी. मधल्या पानांवर मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंनी फिकट पट्टे येऊन पान मध्येच दुमडत असेल तर जस्त तपासावे. जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसत असतील तर पालाशाचा विचार करावा. स्फुरदाच्या कमतरतेत पिवळेपणा ठळक नसतो. रोप गडद हिरवे किंवा जांभळट, खुजे आणि कमी फुटव्यांचे राहते. म्हणून ती अनेकदा लक्षातच येत नाही.

पाच-सात मिनिटांच्या या पाहणीवर एक गोणी युरिया द्यायचा की नाही हे ठरते, आणि ही पाहणी बांधावर उभे राहून होत नाही.

मागच्या पिकाचे अवशेष

गव्हाआधी मका, बाजरी किंवा ज्वारी होती आणि धसकटे व ताटांचा चुरा पेरणीच्या तोंडावर जमिनीत गाडला असेल, तर वीस-पंचवीस दिवसांचा पिवळेपणा जवळजवळ ठरलेला असतो. अशा अवशेषांत कर्ब भरपूर आणि नत्र अत्यल्प असते. मक्याच्या ताटात कर्बाचे नत्राशी प्रमाण साधारण साठास एक इतके असते. त्यांचे विघटन करणाऱ्या सूक्ष्मजीवांना स्वतःची शरीरे बांधण्यासाठी नत्र लागते आणि ते नत्र सूक्ष्मजीव जमिनीतून, म्हणजे आपण दिलेल्या खतातूनही, उचलतात. हे नत्र नष्ट होत नाही. काही आठवड्यांनी सूक्ष्मजीव मरून कुजले की ते परत मोकळे होते, पण तोवर फुटव्यांचा काळ निघून गेलेला असतो. एकाच शिवारात सोयाबीनवरचा गहू हिरवा आणि शेजारचा मक्यावरचा गहू पिवळा दिसतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

यावर अवशेष जाळणे हा उपाय नाही. अवशेष पेरणीपूर्वी शक्य तितके आधी, ओल असताना गाडावेत, बारीक करावेत, आणि नत्राची एकूण मात्रा फारशी न वाढवता तिचा थोडा अधिक वाटा पेरणीवेळी द्यावा. सोयाबीन, मूग किंवा उडीदावरच्या गव्हाला मात्र हे गणित उलटे लागू होते. तेथे पालापाचोळा लवकर कुजतो आणि काही नत्र जमिनीतूनच मिळते.

युरिया आणि पाणी

युरिया जमिनीत पडल्यावर पाण्यात विरघळतो आणि युरिएज या विकराच्या क्रियेने काही दिवसांत अमोनियात बदलतो. आपल्या काळ्या जमिनींचा सामू (पीएच) बहुधा ८ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो, आणि अशा जमिनीच्या ओलसर पृष्ठभागावर युरिया उघडा राहिला तर अमोनिया वायुरूपात उडून जातो. पाणी देऊन झाल्यावर चिखलावर युरिया फोकणे आणि पुढे आठ दिवस काहीच न करणे ही या नुकसानीची हमखास रीत आहे. कडुनिंबाचे आवरण असलेल्या युरियामुळे अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर मंदावते आणि त्यापुढची गळती काही प्रमाणात कमी होते. पृष्ठभागावरून उडून जाणारा अमोनिया मात्र त्याने फारसा थांबत नाही.

पाण्याच्या आधी युरिया फोकावा तर दुसरी अडचण उभी राहते. युरियाचा रेणू विद्युतभाररहित असल्याने अमोनियात बदलण्यापूर्वी मातीच्या कणांना चिकटत नाही आणि पाण्याबरोबर वाहतो. लांब साऱ्यात (पाण्यासाठी पाडलेल्या पट्ट्यात) मोठ्या प्रवाहाने पाणी सोडले की साऱ्याच्या तोंडाशी पीक फिकट आणि शेवटाला गडद हिरवे असा पट्टा स्पष्ट दिसतो. असा पट्टा शेतात असेल तर मात्रेचा विचार सोडून साऱ्याची लांबी कमी करावी आणि पाणी हलके द्यावे. ते शक्य नसेल तर पाण्यानंतर वाफसा (चिखल जाऊन माती फक्त ओलसर राहते ती स्थिती) आल्याबरोबर ओळींमध्ये युरिया देऊन हातकोळप्याने लगेच मातीआड करावा. मातीचा दोन-तीन बोटांचा थर एवढे काम करतो की कष्ट पूर्ण वसूल होतात.

रात्रीच्या विजेवर मोटर चालू ठेवून झोपल्यास भारी जमिनीत पाणी दोन-दोन दिवस साचून राहते. मुळांचा श्वास कोंडतो, नायट्रेटचे वायुरूप नत्रात रूपांतर होऊन ते हवेत जाते, आणि पीक नत्राच्या टंचाईसारखेच खालून पिवळे पडते. अशा पिकाला चिखलात युरिया देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणेच होय. वाफसा येऊ द्यावा, चर काढून साचलेले पाणी मोकळे करावे, आणि नवी पाने हिरवी निघत असतील तर काहीही न देता थांबावे.

प्रघातात मुळातच नसलेली अन्नद्रव्ये

डीएपी आणि युरिया या जोडीत पालाश नाही, गंधक नाही आणि जस्तही नाही. काळ्या जमिनींत उपलब्ध पालाश बहुधा भरपूर असते, त्यामुळे त्याची उणीव लगेच जाणवत नाही. माती परीक्षणात ते कमी किंवा मध्यम आले असेल तर एकरी अर्धी गोणी म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे १५ किलो पालाश, पेरणीबरोबर द्यावे.

गंधकाची गोष्ट वेगळी आहे. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट वापरत असताना गंधक आपोआप मिळत होते : एकरी तीन गोण्यांतून २४ किलो स्फुरद आणि त्याबरोबर साडेसोळा किलो गंधक. डीएपीने गोण्या उचलण्याचा त्रास वाचवला आणि हे गंधक हिशेबातून गायब झाले. ज्या शेतात वर्षानुवर्षे फक्त डीएपी पडले आहे आणि सोयाबीन-गहू ही फेरपालट चालू आहे, तेथे किमान एका हंगामात सुपर फॉस्फेटकडे परतणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्यात नत्र नसल्याने पेरणीवेळी सव्वा गोणीच्या आसपास युरिया द्यावा लागेल, हे मात्र विसरू नये.

जस्ताची कमतरता परीक्षणात आढळल्यास एकरी १० किलो झिंक सल्फेट पेरणीपूर्वी शेणखतात मिसळून द्यावे. ते डीएपीत मिसळू नये, कारण जस्त आणि स्फुरद यांचा न विरघळणारा संयोग तयार होतो. लोहासाठी चुनखडीच्या जमिनीत मातीतून दिलेले फेरस सल्फेट लवकर निरुपयोगी होते, म्हणून अर्धा टक्का तीव्रतेची फवारणी करावी लागते.

तुमच्या शेताची मात्रा किती?

सर्वसाधारण शिफारस ही मोठ्या प्रदेशाची सरासरी असते. मृदा आरोग्य पत्रिकेवरून तिच्यात दुरुस्ती करता येते : उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोंहून कमी असेल तर ते कमी समजले जाते आणि शिफारशीच्या साधारण २५ टक्के अधिक मात्रा सुचवली जाते; ५६० किलोंहून जास्त असेल तर तितकीच कपात केली जाते. याहून नेमकी पद्धत अपेक्षित उत्पादनाच्या समीकरणांची आहे. तिच्यात पिकाची क्विंटलमागची गरज, जमिनीतून होणारा पुरवठा आणि खताची कार्यक्षमता हे तीन आकडे एकत्र बांधलेले असतात. हेच तर्कशास्त्र प्रयोगशाळेविना शेतातही वापरता येते आणि मला ते सर्वात उपयुक्त वाटते.

एका साऱ्याला स्फुरद व पालाश इतरांसारखेच द्यावे, पण नत्र अजिबात देऊ नये. त्यासाठी त्या साऱ्यात स्फुरद सुपर फॉस्फेटमधूनच द्यावे, कारण डीएपीत नत्र येते. काढणीवेळी या कोऱ्या साऱ्याचे धान्य वेगळे तोलावे. समजा तेथे एकरी ७ क्विंटलच्या हिशेबाने गहू निघाला. गव्हाच्या एका क्विंटल उत्पादनासाठी दाणा आणि काड मिळून सुमारे अडीच किलो नत्र पीक उचलते. म्हणजे जमिनीने स्वतःहून साडेसतरा किलो नत्र पुरवले. आपले उद्दिष्ट एकरी १८ क्विंटल असेल तर गरज ४५ किलोंची. तूट साडेसत्तावीस किलोंची. दिलेल्या नत्रापैकी निम्मे पिकाला लागू पडत असेल तर ५५ किलो द्यावे लागेल. चुकीच्या वेळी आणि उघड्यावर दिल्याने ही कार्यक्षमता ३५ टक्क्यांवर आली तर त्याच १८ क्विंटलांसाठी जवळजवळ ७९ किलो लागेल. दोन्हींतील फरक एका गोणीहून अधिक युरियाचा आहे. युरियाची गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळत असल्याने हा फरक कोणाला टोचत नाही, ही खरी अडचण आहे. तो पुढे लोळलेल्या पिकात मोजला जातो.

उद्दिष्ट ठरवताना पेरणीची तारीख पाहणेही आवश्यक आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यानंतर जितका उशीर होईल तितका दाणे भरण्याचा काळ मार्चच्या उष्णतेत सापडतो, आणि उत्पादनाची मर्यादा हवामानच ठरवते. म्हणूनच उशिराच्या पेरणीसाठी नत्राची शिफारसही हेक्टरी ८० ते ९० किलो इतकी कमी आहे. ऊस तोडून डिसेंबरच्या मध्यात पेरलेल्या गव्हाला नोव्हेंबरच्या गव्हाची मात्रा दिल्यास वरचे नत्र फक्त पाल्यात जाते.

काढणीपूर्वीची पडताळणी

दुरुस्ती लागू पडली की नाही हे ओंबी पक्व झाल्यावर तपासावे. २२.५ सेंटिमीटर अंतराच्या ओळीत एक मीटर लांबीतील ओंब्या शेतात चार-पाच ठिकाणी मोजाव्यात. ८० ते ९० ओंब्या भरल्या तर चौरस मीटरला ३५० ते ४०० ओंब्या झाल्या आणि सुरुवातीचे नत्र वेळेवर पोचले असे समजावे. ही संख्या साठीच्या आसपास असेल, तर पुढच्या हंगामातील बदल पेरणीच्या आणि एकविसाव्या दिवसाच्या हप्त्यातच करायला हवा. ओंब्या पुरेशा असून दाणा बारीक असेल, तर दोष बहुधा शेवटच्या पाण्याचा किंवा उष्णतेचा असतो. दाणा भरलेला पण त्यावर पांढरे, पिठूळ डाग असतील, विशेषतः बन्सी (ड्युरम) गव्हात, तर फुलोऱ्यानंतर नत्र कमी पडले आहे; तेथे जमिनीतून आणखी युरिया देण्याऐवजी पोटरी (ओंबी अजून पानाच्या आवरणात असते तो टप्पा) ते फुलोऱ्याच्या दरम्यान दोन टक्के युरियाची फवारणी पुढच्या वर्षी एका साऱ्यावर करून, फवारलेला आणि न फवारलेला दाणा शेजारी ठेवून पाहावा.